रेषेबाहेर उभ्या असलेल्या आपल्याच माणसांना खुले पत्र

नाना, आप्पा, जिभाऊ, वहिनी आणि माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की शालेय फुटबॉलचं वेळापत्रक हातात पडतं. सुब्रतो मुखर्जी चषकाचे जिल्ह्याचे सामने, तिथून निघालो तर नाशिक विभाग, तिथूनही निघालो तर राज्य. दिवाळी झाली की गावोगावच्या खुल्या स्पर्धा. धुळ्याला जा, भुसावळला जा, नंदुरबारला जा, मैदानाची तऱ्हा तीच. मुरूम नाहीतर काळी माती, गवत नावाला, फक्कीच्या रेषा दुसऱ्या हाफपर्यंत पुसलेल्या. आणि त्या रेषेला पाय टेकवून उभे असलेले तुम्ही. मी क्रीडाशिक्षिका आहे. टीम घेऊन त्याच रेषेवर, तुमच्या चार हात पुढे उभी असते. आपल्या पोरांना उद्देशून तुम्ही जे जे ओरडता ते मला ऐकू येतं आणि त्यांनाही येतं. यंदाचे सामने सुरू व्हायच्या आत त्याबद्दल मोकळेपणानं बोलावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तुम्ही येता याची मला किती किंमत आहे, ते आधी सांगते. आपल्याकडे टेनिस बॉलच्या क्रिकेटला ट्रॉल्या भरभरून माणसं येतात. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीला पाय ठेवायला जागा नसते. फुटबॉलला येणारे मोजके. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाला तरी या खेळाची जुनी ओळख आहे, बाकी ठिकाणी पोरगं फुटबॉल खेळतं म्हटलं की 'त्याचा उपयोग काय' हाच पहिला प्रश्न. अशा मुलखात तुम्ही दुकानाचं शटर अर्धं ओढून, ड्युटी बदलून घेऊन, शेतातलं काम दुसऱ्यावर सोपवून सामन्याला उभे राहता. 'मॅडमला शांत प्रेक्षक हवेत' असं कृपा करून समजू नका. मला तुम्ही हवे आहात आणि आवाजासकट हवे आहात.

माझी मागणी एकच आहे. सामना चालू असताना आपल्या खेळाडूचं नाव घेऊन त्याला खाली पाडू नका. टीका जरूर करा, कडक करा. ती शिट्टी वाजल्यानंतर करा, आणि ज्यांच्यावर व्हायला हवी त्यांच्यावर करा.

आता तुम्ही आपल्या अहिराणीत काय ओरडता ते तुमच्यासमोर मांडते, कारण ओरडणाऱ्याला स्वतःचं ओरडणं नीट ऐकू येत नाही. 'काय खाईसन उना रे?' 'तेले काढा बाहेर, तेले!' 'कसाले खेयस, घर जाय!' हे झालं छापण्याजोगं. याच्या पुढचं मी लिहू शकत नाही, ते आई-बहिणीपर्यंत जातं. समोरच्या संघाला असं बोललात तरी ते वाईटच, पण तो वेगळा विषय. मी आपल्याच पोरांविषयी बोलते आहे. मैदानावर सर्वांत जास्त बोलणी त्यांनाच बसतात, आणि बोलणारे त्यांचेच काका, शेजारी, गल्लीतले दादा असतात.

गेल्या हिवाळ्यातल्या एका सामन्यात आमचा उजवा बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, अकरावीतला मुलगा होता. पहाटे घरोघर दूध टाकून मग सरावाला येणारा. पहिल्या दहा मिनिटांत समोरच्या विंगरनं, म्हणजे कडेनं चढाई करणाऱ्या खेळाडूनं, त्याच्या दोन पायांमधून बॉल काढला आणि त्यावर गोल झाला. चूक त्याचीच होती, वजन पुढच्या पायावर टाकून तो फार लवकर झेपावला. पण त्यानंतर बॉल त्याच्याकडे गेला की रेषेवरून हुर्यो. त्याच्या पायातून बॉल सुटला की हशा, नाही सुटला तरी 'आता सुटेल बघ'. मी त्याच्याकडे बघत होते. पहिल्या हाफमध्ये तो हात वर करून बॉल मागत होता. दुसऱ्या हाफमध्ये त्यानं मागणं बंद केलं. मग तो समोरच्या खेळाडूच्या आडोशाला उभा राहायला लागला, जेणेकरून आमच्या मिडफिल्डरला तो दिसूच नये. बॉल आलाच, तर आल्या आल्या टच-लाइनच्या बाहेर. तुमच्यापैकी काहींनी नंतर मला सांगितलं, 'मॅडम, त्याच्यात दमच नव्हता.' दम होता. तो लपण्यात खर्ची पडत होता.

फुटबॉल कळणाऱ्या माणसानं ही गोष्ट लक्षात घ्यावी. घाबरलेला खेळाडू चुका वाढवतोच असं नाही, कित्येकदा त्याच्या चुका कमी होतात. कारण तो काही करतच नाही. सोपा पास मागे देतो, अवघड पास देत नाही. एकट्यानं समोरच्याला चकवायची वेळ आली की उडवून टाकतो. आकड्यात तो निर्दोष दिसतो आणि आपला संघ दहा जणांनिशी खेळत असतो. नॉर्वेचे संशोधक गाइर यॉर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या टायब्रेकरचा, म्हणजे बरोबरी सुटल्यावर निकालासाठी मारल्या जाणाऱ्या पेनल्टींचा, बारकाईनं अभ्यास केला आहे. ज्या पेनल्टीवर गोल झाला की सामना जिंकला, तिच्यावर बहुतेक वेळा गोल होतो. जी चुकली की सामना गेला, त्या पेनल्टीवर यशाचं प्रमाण खूपच खाली येतं. अंतर तेच, बॉल तोच, गोलपोस्ट तेवढेच. मिळवायचं आहे की गमवायचं नाही, एवढ्यावर पाय बदलतो. आपल्या पोराच्या प्रत्येक टचला 'चुकलास तर बघ' हा धाक आपणच लावत असू, तर आपण समोरच्या संघासाठी काम करत आहोत.

'प्रेक्षकांच्या ओरडण्यानं काय होतं, खेळणाऱ्याला ऐकूही येत नाही,' असं काही जण म्हणतात. २००२ साली इंग्लंडमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पंचांना एका सामन्याची चित्रफीत दाखवली, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. ज्यांना आवाज ऐकू येत होता त्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाउल दिले. ज्यांचं कामच आवाजाकडे दुर्लक्ष करण्याचं आहे, त्या शिकलेल्या पंचांवर पडद्यावरच्या गोंगाटाचा परिणाम होतो. मग सोळा वर्षांच्या पोरावर चार हातांवरच्या माणसाचा होणार नाही?

आणि तो आवाज कोणाचा आहे, हे त्याला कळतं. हा आपला आणि मोठ्या स्टेडियमचा खरा फरक. जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबाच्या दक्षिण गॅलरीत जवळजवळ पंचवीस हजार माणसं उभी असतात. तिथला एक आवाज म्हणजे काहीच नाही, सगळ्यांचा मिळून एक गजर होतो. आपल्याकडे दोनशे माणसं असतात आणि खेळाडू त्यातल्या दीडशे जणांना ओळखतो. तो मान वर न करता सांगू शकतो की हे किराणावाले नाना बोलले, हे समोरच्या घरातले आप्पा. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच नानांच्या दुकानात साखर आणायला जायचं असतं. तुमचं म्हणणं तो सामन्यातलं म्हणून सोडून देत नाही, घरी नेतो. पण याच कारणामुळे तुमचा एक चांगला शब्दही तिथल्या हजारांच्या टाळ्यांइतका मोठा होतो. 'चालंल रे, पुढचा बघ, पय!' (म्हणजे पळ) एवढं आप्पांनी म्हटलं, तर ते त्याला आठवडाभर पुरतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

माझ्यापुढे नेहमी सुनील छेत्रीचा दाखला ठेवला जातो, तेव्हा त्याबद्दलही बोलू. १ जून २०१८ ला मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारतानं चिनी तैपेईला, म्हणजे तैवानला, ५-० नं हरवलं. छेत्रीनं हॅटट्रिक केली आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. दुसऱ्या दिवशी त्यानं व्हिडिओ टाकला. युरोपातल्या क्लबांवर जीव टाकणाऱ्यांना त्यानं हात जोडून सांगितलं की आम्ही त्या दर्जाचे नाही हे मान्य, पण स्टेडियममध्ये या, आमच्यावर ओरडा, टीका करा, शिव्या द्या, पण या. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. स्टेडियम भरलं, पाऊस कोसळत होता, भारत ३-० नं जिंकला, दोन गोल छेत्रीचे.

'बघा, खुद्द कर्णधार म्हणतो शिव्या द्या!' असं मला ऐकवलं जातं. छेत्री तेव्हा तेहतीस वर्षांचा होता, देशाचा कर्णधार होता, नव्याण्णव सामने त्याच्या पाठीशी होते. त्यानं ते स्वतःच्या छातीवर घेतलं. आठवीतल्या पोरानं तुम्हाला असं आमंत्रण दिलेलं नाही. शिवाय त्या हाकेला ओ देऊन जी माणसं पावसात भिजत अंधेरीला गेली, त्यांनी शिव्या देण्याची मिळालेली मुभा वापरली नाही. ती गात होती, टाळ्या वाजवत होती.

दुसरा दाखला येतो तो रात्री जागून युरोपातले सामने बघणाऱ्या तरुणांकडून. 'मॅडम, माद्रिदमध्ये तर रोनाल्डोलाही शिट्ट्या मारल्या.' खरं आहे. बर्नाबेऊवर, म्हणजे रिआल माद्रिदच्या मैदानावर, आपल्याच खेळाडूला शिट्ट्या मारायची जुनी रीत आहे, गॅरेथ बेलनंही त्या सोसल्या. पण तो खेळाडू आठवड्याला जेवढं कमावतो तेवढ्यात आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या मैदानांवर गवत लावून होईल. आमची पोरं प्रवेश फी वर्गणी काढून भरतात, बूट एकमेकांचे घालतात. त्यांना कोणी पगार देत नाही. त्यामुळे 'आम्ही पैसे मोजलेत, आम्हाला हक्क आहे' हा तिथला युक्तिवाद इथे लागूच होत नाही.

आणि जिथे पैसा आहे तिथेही या गोष्टीचा शेवट काय होतो ते बघा. २७ ऑक्टोबर २०१९, लंडन, आर्सेनल विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. आर्सेनलचा कर्णधार ग्रानिट झाका याला बदलून बाहेर बोलावलं तेव्हा त्याच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. तो मुद्दाम सावकाश चालला, कानाला हात लावला, जर्सी काढून सरळ आत गेला. कर्णधारपद गेलं. सामान बांधून क्लब सोडायच्या तयारीत होता. नवे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांनी त्याला थांबवलं. तीन वर्षांनी त्याच स्टेडियममध्ये लोक त्याच्या नावाचं गाणं म्हणत होते आणि २०२३ च्या मे महिन्यात शेवटच्या सामन्यात दोन गोल करून तो निघाला. पुढच्या वर्षी तो लेव्हरकुझेनच्या त्या संघात होता ज्यानं जर्मनीची लीग एकही सामना न हरता जिंकली. खेळाडू तोच होता. आर्सेनलच्या लोकांना तो परत मिळाला, कारण त्याला थांबवणारा एक माणूस तिथे होता. आपल्या बॅकला थांबवणारं कोण आहे? तो उद्या सरावाला आला नाही तर कुठेही बातमी होत नाही. यादीतलं एक नाव कमी होतं, एवढंच.

'आम्हालाही बोलणी खाऊनच खेळ आला' असं जुने खेळाडू सांगतात. तुम्हाला आला, मान्य. तुमच्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी किती जण विशीच्या आत बूट टांगून बसले, त्यांची आठवण काढून बघा.

इथे मला मोआसिर बार्बोसाचं नाव घ्यायचं आहे. १६ जुलै १९५०, रिओचं माराकाना. ब्राझीलला विश्वचषकासाठी उरुग्वेशी बरोबरीसुद्धा पुरली असती. ७९ व्या मिनिटाला घिज्जियानं जवळच्या पोस्टकडून गोल मारला, ब्राझील १-२ नं हरलं आणि दोष गोलकीपर बार्बोसाच्या माथी आला. तो कृष्णवर्णीय होता, हेही त्या दोष देण्यात मिसळलेलं होतं. ब्राझीलच्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षं भोगतो आहे, असं तो शेवटी म्हणाला होता. २००० साली तो गेला. आपल्या गावांतही ही शिक्षा दिली जाते, फक्त छोट्या मापानं. चुकून आपल्याच जाळीत बॉल गेलेला, सेल्फ गोल झालेला एक मुलगा मला माहीत आहे. आता तो बाप झाला आहे, तरी चौकात त्याला त्याच नावानं हाक मारतात. हाक मारणारे हसतात आणि तोही हसतो. तो मैदानाकडे मात्र फिरकत नाही.

लाल जर्सी घालून येणाऱ्या माझ्या लिव्हरपूलवाल्या पोरांनो, तुमच्याशी जरा वेगळं बोलायचं आहे. कारण याबाबतीत तुमच्याच क्लबाकडून शिकण्यासारखं खूप आहे आणि तुम्ही तिकडची फक्त जर्सी घेतली आहे.

२५ मे २००५, इस्तंबूल. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलानविरुद्ध हाफटाइमला लिव्हरपूल ०-३ नं मागे. तुमच्यासारखाच जीव टाकणारे, हजारो मैल प्रवास करून आलेले लोक तिथे होते. रागवायचा हक्क कोणाला असेल तर त्यांना होता. ते हाफटाइमला उभे राहून क्लबाचं गाणं गायला लागले. दुसऱ्या हाफमध्ये तीन गोल झाले आणि टायब्रेकरमध्ये कप लिव्हरपूलचा झाला. गाण्यामुळे गोल झाले असं मी म्हणत नाही. जेरार्डसारखा कर्णधार होता, प्रशिक्षक बेनिटेझ यांनी हाफटाइमला रचना बदलली होती. पण हाफटाइमला हुर्यो ऐकत आत गेलेला संघ बाहेर येताना तसाच आला असता, असं मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

मग करोनाचा काळ. जर्मनीची लीग १६ मे २०२० ला रिकाम्या स्टेडियमांत सुरू झाली आणि यजमान संघांचं जिंकणं ठळकपणे कमी झालं. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल ॲनफिल्डवर, म्हणजे घरच्या मैदानावर, लीगचे ६८ सामने हरलेलं नव्हतं. २१ जानेवारी २०२१ ला बर्नलीनं त्यांना हरवलं, आणि पाठोपाठ घरच्या मैदानावर आणखी पाच पराभव. सलग सहा. व्हॅन डाइकसारखे बचावपटू जखमी होते, हे त्यातलं मोठं कारण. पण रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळताना ॲनफिल्ड हे ॲनफिल्ड राहिलं नव्हतं, हे त्यांचेच खेळाडू कबूल करत होते.

तिसरी गोष्ट टीकेची आहे आणि ती मला सर्वांत जास्त आवडते. २०१६ साली क्लबानं नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं ठरवलं. ६ फेब्रुवारीला संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून बाहेर गेले. चार दिवसांच्या आत मालकांनी माफी मागितली आणि ते दर मागे घेतले. अशी टीका हवी. मुद्दा नेमका होता, निर्णय घेणारी माणसं नेमकी कोण ते माहीत होतं आणि मैदानावरच्या एकाही खेळाडूला त्यात कोणी ओढलं नाही. आता पुढचंही सांगते. लोक उठले तेव्हा लिव्हरपूल २-० नं पुढे होतं. सामना २-२ सुटला. प्रेक्षकांनी ती किंमत समजून उमजून मोजली असेल, पण किंमत पडली.

तुमच्यातला राग मला त्या दिशेला हवा आहे. आपल्याकडे रागवण्यासारखं काही कमी आहे का? उन्हाळी स्पर्धेचे सामने भर दुपारी लावतात. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, आणि पोरं दीडच्या उन्हात मुरमावर धावतात. का, तर उद्घाटनाचे पाहुणे उशिरा आले आणि सगळं वेळापत्रक पुढे ढकललं गेलं. मैदानावर प्रथमोपचाराची पेटी नसते. पाण्याचा एक जार असतो, तोही मंडपात. घसरलेल्या पोराच्या मांडीतून खडी काढायला डेटॉल मी माझ्या पर्समध्ये ठेवते. कितीतरी शाळांत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी आहे आणि गणिताचे सर टीम घेऊन येतात, बिचारे येतात तरी. १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्तानं, राज्यभरच्या शाळांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळला होता. आपल्याकडेही शाळाशाळांत नवे बॉल आले होते. त्यानंतर काय झालं, हे कोणी कोणाला विचारलं? आमच्या बॅकच्या पायांतून बॉल गेला तेव्हा दोनशे माणसं ओरडली. उन्हाळ्यात दीड वाजता सामना सुरू झाला तेव्हा एकही नाही.

दोन गोष्टी अशा आहेत ज्यात मला चर्चाच करायची नाही.

एक, मुलींचे सामने. आपल्याच गावच्या मुली खेळत असताना त्यांच्या शॉर्ट्सवर, शरीरावर, धावण्यावर जे बोललं जातं ती टीकाही नाही आणि प्रोत्साहनही नाही. आई-बापांची समजूत घालून, कधी घरी चार वेळा जाऊन मी एकेक मुलगी मैदानावर आणते. रेषेवरचं एक वाक्य तिच्या भावानं ऐकलं की ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून येत नाही. तुम्ही बोलून विसरता. आमच्या संघाची मात्र पुन्हा जुळवाजुळव.

दुसरी, रंग आणि जमात. धडगाव, अक्कलकुव्यापासून शिरपूरच्या वरच्या पाड्यांपर्यंत सातपुड्यातली पोरं आश्रमशाळांतून येतात. दम, चपळाई, बॉलवरची नजर, कशातच ती कमी नाहीत. आपल्या संघातून खेळताना गोल केला की त्यांच्यासाठी टाळ्या आणि चुकलं की जातीवर, रंगावर, बोलीवर घसरणारा शब्द. ११ जुलै २०२१ ला युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या. साका एकोणीस वर्षांचा होता. रात्रीतून त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला, तोही आपल्याच देशातल्या लोकांकडून. आणि महिन्याच्या आत आर्सेनलचा कट्टर वैरी असलेल्या टॉटेनहॅमच्या मैदानावर साका उतरला, तेव्हा त्या विरोधी प्रेक्षकांनी त्याच्यासाठी फलक धरला आणि टाळ्या वाजवल्या. २०२४ च्या युरोमध्ये स्वित्झर्लंडविरुद्धच्या टायब्रेकरमध्ये साकानं पेनल्टी घेतली आणि मारली. आमच्या पाड्यावरच्या पोरांनाही दुसरी पेनल्टी मिळायला हवी. ती मिळेपर्यंत त्यांना संघात टिकू द्या. असा शब्द पुन्हा कानावर आला तर मी सामना थांबवून पंचांकडे जाईन, मग बोलणारा कितीही जवळचा असो.

आता ओरडायचं काय, हेही विचारलं जातं. कोल्हापूरला पेठापेठांच्या ईर्ष्येतून शाहू स्टेडियम कसं दणाणतं ते बघितलेले बरेच जण तुमच्यात आहेत. त्या ईर्ष्येतून तिथे हुल्लडबाजी झाल्याच्या बातम्याही आपण वाचतो, ती नको. पण आपल्या तालमीसाठी, म्हणजे आपल्या पेठेच्या संघासाठी, घसा बसेपर्यंत ओरडणं घ्या. आपल्याकडे ढोल आहे, संबळ आहे, लग्नात रात्रभर नाचणारी पोरं आहेत, आणि सामन्याला मात्र फक्त बोलणी! दंगलीत हरलेल्या पैलवानालाही चांगल्या डावाबद्दल फेट्यातली नोट काढून देणारा माणूस फुटबॉलच्या रेषेवर आल्यावर एवढा कंजूष का होतो?

खेळाडूला उपयोगी पडणारंही पुष्कळ ओरडता येतं. ज्याच्या पायात बॉल असतो त्याला मागचं दिसत नाही. 'मागे आला' हे दोन शब्द वेळेवर मिळाले तर बॉल वाचतो. 'वेळ आहे' म्हटलं की तो मान वर करतो. मात्र 'पास दे' आणि 'मार' या दोन हाका दोन बाजूंनी एकदम आल्या की पोरगं मधल्यामध्ये अडकतं, आणि मी सांगितलेलं तिसरंच असतं. तेव्हा काय करायचं हे त्याचं त्याला ठरवू द्या, तुम्ही जे दिसतंय ते सांगा. आणि चूक झाल्यावरच्या पहिल्या पाच सेकंदांत तर फक्त त्याचं नाव आणि 'पय!' एवढंच. पोरगं चूक झाली की आधी रेषेकडे बघतं. अगदी प्रत्येक जण बघतो. त्या वेळी तिथे तुमचा चेहरा असतो.

खोटं कौतुक करा असं मी म्हणत नाही. खोटं कौतुक पोरांना लगेच कळतं. सात गोल खाल्ले तर 'छान खेळलात' म्हणू नका. उलट खेळ समजणाऱ्यांनी त्यांना नीट सांगावं, कारण मला सगळंच दिसत नाही. त्या बॅकला नंतर एका जुन्या रेल्वेवाल्या खेळाडूनं बाजूला घेऊन, विंगर समोर आला की अंग आडवं कसं ठेवायचं आणि त्याला बाहेरच्या बाजूला कसं ढकलायचं, ते पाच मिनिटं करून दाखवलं. कडक शब्दांत दाखवलं, एकही गोड शब्द नव्हता त्यात. पुढच्या सामन्यात त्या मुलानं तसंच केलं. ती टीकाच होती.

म्हणून यंदा आमच्या संघापुरती मी एक व्यवस्था करते आहे. प्रत्येक सामन्यानंतर मुलं पाणी प्यायली, बूट काढले की अर्धा तास आम्ही मैदानाच्या कडेला बसून राहू. जिंकलो तरी, हरलो तरी. ज्याला जे सांगायचं असेल त्यानं तिथे यावं, बसून सांगावं आणि मुलांनी उलट विचारलं तर उत्तर द्यावं. माझ्या चुका, म्हणजे कोणाला खेळवलं, कोणाला बसवलं, उशिरा बदली का केली, त्याही तिथेच विचाराव्यात. सामन्यांच्या वेळा, पाणी, प्रथमोपचार आणि रिकाम्या जागा यांविषयी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन माझ्या पिशवीत असेल. सही त्याच अर्ध्या तासात करता येईल. पहिल्या सामन्याची तारीख लागली की शाळेच्या फलकावर लिहीन. ढोल ज्याच्याकडे असेल त्यानं घेऊन या.

तुमचीच,
एक क्रीडाशिक्षिका
धुळे